बशी, पॅड आणि सात हात

२१ सप्टेंबर, सोमवार

बॅकिंग प्लेट आली, फोमचं पॅड जिच्यावर चिकटतं ती चकती. परत चुकीची. तिसऱ्यांदा.

आपल्या गाड्या पॉलिश करायच्या मशीनला पाठीतून बारीक बोल्ट बाहेर आलेली प्लेट लागते, तो बोल्ट मशीनमध्ये पिळायचा. आली ती जाड आट्यांच्या भोकाची, गरगर फिरणाऱ्या जुन्या मशीनची. फोटो पाठवले होते. मशीनचा पाठवला, जुन्या प्लेटीचा पाठवला, बोल्टाशेजारी पट्टी ठेवून पाठवला. दुकानवाला फोनवर म्हणतो, "सर, प्लेट ती प्लेट, काय फरक पडतो?" तुझं डोकं ते डोकं, त्यात काय फरक पडतो!

जुनी प्लेट अजून चालते, पण कडक. दगड. दारासारख्या सपाट जागी ठीक. गोलाई आली की तिची कड पॅडमधून खाली दाबते आणि तेवढीच जागा तापते. मला मऊ कडेची हवी, पाच इंची, गाडीबरोबर वाकणारी. एवढंच मागतोय. चंद्र मागत नाही.

बाबा व्हरांड्यातून: "बशी इली?" प्लेटीला ते बशी म्हणतात.
"इली. दुसऱ्याच कपाची."
केवढे हसले. मशीनचं काही अडलं की या माणसाला जेवण गोड लागतं.

२३ सप्टेंबर, बुधवार

पॅडांच्या रंगांनी डोकं उठवलंय. जुन्या कंपनीचं केशरी म्हणजे कडक, कापणारं. नव्या कंपनीचं केशरी मऊ. काळं एकाचं शेवटच्या चकाकीचं, दुसऱ्याचं मधलंच काहीतरी. परवा सुजाताला म्हटलं केशरी दे, तिने दिलं, चूक तिची नाही. दारावर अर्धा तास फिरवतोय आणि एक ओरखडा हलत नाही. शेवटी उलटून बघितलं तर मऊ.

सु.नेच तोडगा काढला. रंग विसरायचे, आपल्या गोव्याच्या पावांची नावं द्यायची. दाबून बघायचं आणि डब्यावर लिहायचं. कडक तो उंडो, मऊ तो पाव. पातळ लोकरीची ती पोई. मार्करने लिहिलं तिने, अक्षर छान आहे तिचं. पदेर पाव घेऊन आला तेव्हा डबे बघून विचारात पडला. "भाभी, पोई विकतां तुमी?"

दिवसभरात हसायला आलं ते एवढंच.

२६ सप्टेंबर, शनिवार

मास्तर आले पेडण्याहून, शाळेतले, बाबांचं जुनं गिऱ्हाईक. स्वतः चालवत, काळी गाडी घेऊन. ऐंशीच्या घरात आहेत, पण शर्टाची इस्त्री मोडलेली नाही.

उद्यापासून म्हाळ, पितृपक्षात कोणी गाडी आणणार नाही, शेड रिकामीच. म्हणून मीच त्यांना मागे म्हटलं होतं, आता आणा, दसऱ्याला देतो. दसरा मंगळवारी वीसला. सोमवारी गाडी त्यांच्या दारात हवी, पूजेला.

ही गाडी म्हणजे आमच्या घरातलं दैवत. मी चौथीत होतो तेव्हा बाबांनी म्हापशाच्या गॅरेजात रंगवली. तेव्हापासून ऐकतोय, "सात हात मारले तेका. सात!" कोणाचा रंग उडाला की सात हात. माझ्या वहीवर शाई सांडली की सात हात. सु. लग्न होऊन आली तेव्हा तिसऱ्या दिवशी तिलाही सांगून झालं. बाबांनी तीस वर्षांत किती गाड्या रंगवल्या असतील, देव जाणे. सगळ्या भंगारात गेल्या नाहीतर दुसऱ्याने वरून रंगवल्या. त्यांच्या हातचा रंग जशाच्या तसा अंगावर असलेली ही एकच उरली.

आणि ती माझ्या मशीनखाली. रंग एकदा घासून गेला की गेला, परत आणता येत नाही. बाबा चौऱ्याहत्तरचे, उजवा हात कापतो, बशीतला चहा शर्टावर सांडतो. ते काही आता रंग फवारायचं पिस्तुल धरणार नाहीत. मला त्यांनी रंगाचं पिस्तुल कधी धरू दिलं नाही. सतरा वर्षांचा होतो, एकदा मागितलं. "तुझ्या हातात नाय ती गोष्ट." संपलं. म्हणून मी मशीनकडे गेलो. हे मी कोणाला सांगत नाही, इथे लिहितोय.

मास्तर जाताना बाबांना म्हणाले, "पेंटर, पोरगा तुमचा नाव काढणार."
बाबा: "बघुया."

बघुया! मेल्यावर तरी बरं म्हणाल का हो?

२८ सप्टेंबर, सोमवार

गाडी धुतली. उन्हात बाहेर काढून बघितली. रंग अजून खोल आहे, पण सगळ्या अंगावर गोल गोल बारीक ओरखडे. मास्तर रोज सकाळी कापडाने पुसतात, कौतुकाने, कोरडंच. कौतुकानेच गाड्यांची वाट लागते.

कोपऱ्यात थोडं पॉलिश लावून हाताने घासलं. कापड काळं झालं. जुना रंग, वर पारदर्शक थर नाही, त्यामुळे रंगच सुटणार, पॅड काळं होणारच. म्हणजे काळं दिसलं म्हणून घाबरायचं नाही. मग घाबरायचं कशावरून? किती उरलाय ते मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही.

बाबांना विचारलं. सरळ विचारलं, "बाबा, रंग किती असेल याच्यावर?"
"सात हात."
"आता किती उरला असेल?"
"सातातलो सात. मास्तर काय खरवडून खाता?"

बॉनेटच्या मधोमध लांब उंचवटा आहे. तिथेच कडक प्लेटीची भीती. मऊ प्लेट आल्याशिवाय बॉनेटला हात लावणार नाही.

३० सप्टेंबर, बुधवार

म्हापशाला गेलो. चार दुकानं. एकात पाच इंची प्लेट होती, कडक. एकात मऊ होती, आटे चुकीचे. एकाने फरशी घासायच्या मशीनची दाखवली. चौथा म्हणाला, "पॅड थेट चिकटवा ना, फेविकॉल लावून." हात जोडले आणि निघालो.

घरी येऊन तीन इंची छोटी प्लेट लावून बघितली, म्हटलं उंचवट्यापुरती चालेल. आमचं मशीन पाचच्या वजनावर तोललेलं. तीन लावली तर असं थरथरलं की कोपरापर्यंत मुंग्या. चमचा धरता येईना दुपारी. सु. म्हणाली, "आता बाबांसारखो तुमचोय हात कापता." बाबा ऐकत होते. कोणी हसलं नाही. तिलाच मग वाईट वाटलं, माशाची एक तुकडी जास्त वाढली दोघांनाही.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

आली! मऊ कडेची. बोल्ट बारीक, बरोबर. मशीनमध्ये अशी गेली की

सहा इंची आहे.

पॅड साडेपाच. प्लेट पॅडच्या बाहेर डोकावते चारी बाजूंनी. फिरवली की रबराची कड रंगाला लागणार, म्हणजे ओरखडे काढायचे सोडून नवे पाडायचे. प्लेटीपेक्षा पॅड बोटभर मोठं हवं, हे पोरालाही कळेल.

फोन केला.
"सर, तुम्ही पाच मागितली ना? ही पाचवालीच."
"पट्टी लावून बघितलं, सहा आहे."
"हो, म्हणजे साताच्या पॅडला सहा, सहाच्या पॅडला पाच. तुम्ही पॅड सांगितलं की प्लेट?"
"प्लेट! प्लेट! प्लेट!"
व्हरांड्यातून बाबा: "म्हण, बशी."

शेडचं शटर ओढून आत बसलो थोडा वेळ.

५ ऑक्टोबर, सोमवार

थांबून चालणार नाही. जुनी कडक प्लेट, पाव पॅड, कमी वेग. दारं सुरू केली. दारं सपाट, धोका नाही.

छान निघाली. खरंच छान. डावं पुढचं दार तर असं की माझी दाढी दिसली त्यात, पांढरे केससुद्धा. बाबांना बोलावलं. आले, अंगठा फिरवला, वाकून कडेने बघितलं.
"असो नाय."
"असा नाही म्हणजे कसा?"
"आमी लोकरीन करी होतो. वर्तुळ मोठो, हात हलको. ह्यां तुझां नाचरां मशीन. नाचता आणि नाचता."
"काही वाईट दिसतंय का? सांगा ना कुठे वाईट दिसतंय!"
"वाईट खंय म्हटलंय? असो नाय म्हटलंय."

देवा रे. या वाक्याला उत्तर असतं का कोणाकडे?

पावसाने दोन दिवस उघडीप दिली तसे खनिजाचे ट्रक सुरू झाले सुर्ल्याकडून. रस्ता लाल. शेडला ओलं पोतं लावलंय तरी दुपारपर्यंत सगळ्यावर लाल पीठ. झाकलेल्या गाडीवरसुद्धा. सु. ओरडत असते, कपडे वाळत घालायची सोय नाही. मी दर पॅनलआधी परत धुतो.

७ ऑक्टोबर, बुधवार

संध्याकाळी लिहितोय.

बॉनेटवर एक डाग होता, कावळ्याने घाण करून रंगात जळलेला, उंचवट्याला लागूनच. ठरवलेलं मोडून बाकी बॉनेट पाव पॅडने केलं, तो डाग जाईना. मऊ प्लेट अजून नाही, बदलून पाठवतो म्हणतात, पाठवतच नाहीत. मी उभा विचार करत. बाबा मागे खुर्ची टाकून.

"घाबरतंस कित्याक? सात हात आसत खाली."

उंडो लावला. कडक पॅड, कडक प्लेट. स्वतः लावला, कोणी माझा हात धरून लावला नाही. तीन वेळा फिरवला, डाग फिका झाला. पॅड बघितलं, काळं. ठीक. परत फिरवला. पॅड बघितलं, काळ्यात जरा लालसर झाक. दोन ट्रक नुकतेच गेले होते. म्हटलं, धूळ बसली. ब्रशने पॅड झाडलं, बॉनेट पुसलं, परत फिरवला. लाल जास्त. मी ट्रकवाल्यांना शिवी घातली आणि परत फिरवला.

पुसलं.

उंचवट्यावर लाल. बोटभर लांब, करंगळीएवढी रुंद. धूळ नव्हती. लाल प्रायमर होता. रंग संपला होता.

मशीन खाली ठेवलं का हातातून पडलं आठवत नाही. मागे वळलो तर बाबा खुर्चीत डोळे मिटून होते. झोपले होते की नाही ते विचारलं नाही.

८ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी त्यांनी बघितलं. मी दाखवायच्या आधी. शेडमध्ये गेलो तर बॉनेटपाशी उभे, अंगठा त्या लाल जागेवर.

"प्रायमर," म्हणाले.
"हो."
"तुझी बशी कडक."
"बशी कडक होती ते मला माहीत होतं. सात हात आहेत म्हणून लावली मी!"
"सात आसत."
"सात हात दहा मिनिटांत जात नाहीत, बाबा!"
"मशीन काय नाय करूचा!"

आवाज चढले. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. सु. पदराला हात पुसत धावत आली. बाबा घरात गेले, मी शेडमध्ये. जेवण दोन ताटांत दोन जागी.

दुपारी भिंग घेऊन बसलो. रंग घासला गेला की कडेला झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात, एकेका थराची. सात थर असते तर दिसले असते. इथे लाल, आणि लगेच एक बारीक काळी कड. बस. एक फार तर दोन.

भिंग सु.च्या शिवणाच्या डब्यातलं. परत ठेवताना तिने विचारलं, "किती?" मी डब्याचं झाकण लावलं. तिला कळलं.

१० ऑक्टोबर, शनिवार

सु.ने विचारलं. मला जे जमलं नसतं ते तिने चहा देता देता केलं. मी खिडकीच्या बाहेर होतो, नळी गुंडाळत.

"बाबा, ते सात हात खंयचे खंयचे?"
बाबा बोटं मोजायला लागले, मला आवाजावरून कळलं.
"पुट्टी एक. प्रायमर एक. मगे पाण्याच्या कागदान घासलंय, तो एक. काळो दोन. परत घासलंय, एक. मेण लावलंय, एक. झाले सात."
"म्हणजे काळो दोनच."
"हाताक हात म्हणतत. रंगाक नाय. सात वेळा ह्यो हात फिरलो तिच्यार." बशी खाली ठेवल्याचा आवाज आला. "काळो दोन पुरतत. हात बरो आसलो तर."

नळी तिथेच टाकली मी. रस्त्यावर चालत सुटलो देवळापर्यंत. मागून ट्रक हॉर्न मारतोय आणि मी रस्त्याच्या मधून.

सात वेळा हात फिरला! आपण सगळे म्हणतोच की, भिंतीला दोन हात मारले, दाराला एक हात राहिला. रंगाच्या थरालाच हात म्हणतात! सगळ्या जगाने तेच धरलं, मी, आई होती तेव्हा आई, मास्तर. आणि त्यांना काय ते माहीत नव्हतं? इतकी वर्षं आम्ही वेगळंच समजतोय हे माहीत नव्हतं?

की खरंच नव्हतं?

हेच कळत नाही. खोटं बोलले म्हणावं तर बोललेले नाहीत. खरं म्हणावं तर जीव जळतो.

११ ऑक्टोबर, रविवार

घट बसले घरात. सु.ने देवापुढे धान पेरलं. आरतीला मी आणि बाबा शेजारी, टाळ्या एकाच तालात, नजर एकमेकांकडे नाही.

डोकं थंड झाल्यावर एक गोष्ट टोचते. लाल झाक दिसली तेव्हा मी धूळ म्हटलं. का म्हटलं? गाडी आदल्या तासाला धुतलेली. पेडण्याची गाडी, तिच्या सांध्यात खनिज कुठून असणार? शेडमधली धूळ पॅडवर एवढी बसते का? नाही बसत. जन्म गेला माझा मुळगावात. लाल दिसलं की खाण. कपड्यावर लाल, खाण. विहिरीत लाल, खाण. दुसरं काही लाल असू शकतं हे डोक्यातच येत नाही. बाहेरगावचा कोणी असता तर पहिल्या लाल ठिपक्याला थांबला असता.

म्हणजे सात हात त्यांचे, पण डोळे माझे. हे सांगायला हवं मास्तरांना. चूक माझी, असं सरळ. बाबांचं नाव काढायचं नाही त्यात. मास्तरांच्या पुढ्यात या वयात त्यांचे दोन हात मोजायचे, हे माझ्याने होणार नाही. रागावलोय, पण नाही होणार.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

प्लेट आली.

मऊ कड, पाच इंच, बारीक बोल्ट. सगळं बरोबर. डब्यात एक चिठ्ठीसुद्धा, असुविधेबद्दल क्षमस्व.

उचलून भिंतीवर मारावीशी वाटली. मारली नाही. लावली. डिकीच्या गोलाईवर पाव पॅडने फिरवली. लोण्यासारखी. कुठे दाब नाही, कुठे तापलं नाही, वळण आलं की स्वतः वाकते. सहा दिवस आधी आली असती तर.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

बाकी गाडी पूर्ण. डिकी, टप, मागची दारं. असं काम मी आजवर केलेलं नाही. गाडी बघितली की आपसूक आवाज खाली येतो माणसाचा. आणि बॉनेटवर ती लाल जखम.

बाबा रोज येतात, गाडीभोवती एक फेरी मारतात, बॉनेटपाशी थांबत नाहीत. 'असो नाय' एकदाही म्हणाले नाहीत. मला ते ऐकू आलं असतं तर बरं वाटलं असतं, काय सांगू.

मास्तरांना फोन केला. या एकदा, बघायला. "झाली?" म्हणाले. "या," एवढंच म्हटलं.

१७ ऑक्टोबर, शनिवार

मास्तर बसने आले. सु.ने चहा दिला. मी रात्रीपासून वाक्य घोकलेलं, मास्तर माझ्या हातून चूक झाली. बाबा आतच बसतील असं वाटलं होतं. नाही. धुतलेला सदरा घालून शेडमध्ये आले, भिंतीला टेकून उभे.

मी कापड काढलं. मास्तरांनी आधी दारं बघितली, खुश झाले. मग बॉनेट.

"मास्तर, माझ्या हातून..."
"दोनच हात होते, मास्तर," बाबा.
मी म्हटलं, "बाबा, मी बोलतोय."
"तू गप." मग मास्तरांकडे वळून, "काळो दोनच हात मारललो. सात म्हणी होतंय ते सगळे धरून. पुट्टी, घासणा, मेण. पोराक मी सात सांगलंय. तेणी सात धरून मशीन लावल्यान."

मास्तर बोटाने ती लाल जागा चाचपत राहिले. ट्रक गेला एक.

"पेंटर," मास्तर म्हणाले, "मी शाळेत मुलांना सांगायचो हो. दर वर्षी नव्या वर्गाला. काम करावं तर असं, सात हात. गाडीपाशी नेऊन दाखवायचो."

रागावून नाही म्हणाले. रागावले असते तर परवडलं असतं. बाबांचा चेहरा मी कधी असा बघितला नव्हता. ते लहान आणि मी मोठा, असं काहीतरी झालं. कापणारा हात दुसऱ्या हाताने धरून उभे होते.

मी मध्ये पडलो. म्हटलं, मास्तर, दोन हातांवर इतकी वर्षं टिकला हा रंग. उन्हात, खाऱ्या वाऱ्यात. सात मारून दोन वर्षांत पापुद्रे निघालेल्या गाड्या रोज येतात माझ्याकडे. आणि लाल दिसत असताना मी थांबलो नाही. धूळ समजलो.

मास्तरांनी मान हलवली. पटलं की नाही, माहीत नाही. मग विचारलं, "आता काय करायचं?" बाबांना विचारलं. माझ्याकडे बघितलंच नाही. गाडीचं काही विचारायचं तर पेंटरला, ही त्यांची सवय.

बाबा म्हणाले, "तेका विचारा. तो सांगता तसां."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मास्तर माझ्याकडे वळले. म्हटलं, सोमवारी सकाळी सांगतो. "बरं," म्हणाले, आणि चहा न संपवता बसला गेले.

१८ ऑक्टोबर, रविवार

दोनच वाटा आहेत. तसंच ठेवायचं, वरून नुसतं मेण. मग बाकी सगळा रंग बाबांचाच राहील, पण मंगळवारी पूजेला वाड्यावरचे सगळे शेजारी जमणार आणि हळद लावताना ती लाल जागा बघणार, मास्तरांना विचारणार. किंवा तेवढ्यापुरता काळा मारायचा. बाबांचा हात चालत नाही. म्हणजे मी मारायचा. मी, ज्याने आयुष्यात पिस्तुल धरलेलं नाही. ते शेजारी उभे राहून सांगणार. आणि बिघडला, तर त्यांच्या शेवटच्या गाडीवर माझा बिघडलेला हात कायमचा.

सकाळी शेडमध्ये आले. बॉनेटकडे नाही, माझ्याकडे बघितलं.
"मगे? काय करुया?"
"तुमका काय वाटता?"
"माका नाय विचारूचां. तू सांग."
"तुम्ही शिकवाल?"
"तू सांग आधी. मारूचो की नाय."

किती वर्षं वाटत होतं, यांनी एकदा मला विचारावं. विचारलं, आणि मला तोंड उघडता येईना. 'सांगतो' म्हटलं. व्हरांड्यात गेले.

दिवस गेला. मी दोनदा बॉनेट झाकलं, दोनदा उघडलं. सु. म्हणते काहीतरी ठरवा, आणि जेवायला या. बाबा मला परत विचारायला आले नाहीत. पण तिला स्वयंपाकघरात तीनदा येऊन विचारून गेले म्हणे, हळू आवाजात, "तो काय म्हणालो?"